सातबाऱ्यातून निघालेला गुन्हेपट

विलायती गुन्हेपटाचं मूळ शोधायला गेलं की बहुतेक वेळा कादंबरी हाती लागते. 'सॅपर' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची 'बुलडॉग ड्रमंड' १९२० साली आली. महायुद्धातून परतलेला, शांततेला कंटाळलेला एक कॅप्टन वर्तमानपत्रात जाहिरात देऊन साहस शोधतो. १९२२ मध्ये तिच्यावर मूकपट निघाला. १९२५ मध्ये 'द थर्ड राउंड' या कादंबरीवरून ड्रमंडचा पुढचा मूकपट आला. तिच्यात एका प्राध्यापकाला कृत्रिम हिरे स्वस्तात बनवायची युक्ती साधते, हिरे व्यापाऱ्यांचं धाबं दणाणतं आणि कार्ल पीटरसन हा बिलंदर खलनायक मध्ये पडतो. नायक खाऊनपिऊन सुखी; गुन्हा त्याच्या दारात बाहेरून चालत येतो.

मुळशीच्या गुन्हेपटाची कुळी वेगळी. प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' २०१८ साली आला. जमीन विकून बसलेला बाप पुण्याच्या मार्केट यार्डात हमालीला लागतो आणि पोरगा टोळीत शिरतो, अशी ही गोष्ट. मोहन जोशींनी बाप केला, ओम भूतकरने पोरगा. हा सिनेमा मला उत्तरार्ध वाटतो. त्याचा पूर्वार्ध पडद्यावर नाही, मुळशीच्याच जमिनीवर घडला, आणि तोही ड्रमंडच्याच काळात.

मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर धरण बांधून मुंबईला वीज द्यायची, अशी टाटांची योजना होती. जमिनी रीतसर ताब्यात येण्याआधीच कंपनीने चाचणीचे चर खणायला घेतले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे पांडुरंग महादेव बापटांनी लढ्याची धुरा घेतली आणि ते 'सेनापती' झाले. घोषणा होती, 'जान किंवा जमीन'. पण कसणारा एक आणि कागदावरचा मालक दुसरा, असा मामला होता. पुण्यातल्या सावकार-जमीनदारांना नुकसानभरपाई पटली आणि लढ्याची कंबर मोडली. बापटांनी १९२४ मध्ये धरणाच्या मजुरांची रेल्वे अडवली आणि ७ वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. धरण झालंच. त्याचं पाणी आजही सह्याद्रीखालच्या बोगद्यातून कोकणात भिऱ्याला उतरतं.

तेव्हा जमीन कायद्याने काढून घेतली. नव्वदीनंतर ती बाजारभावाने निघाली. हिंजवडीत आयटी पार्क आलं, पिरंगुटला कारखाने वाढले, डोंगरात लवासा उभं राहू लागलं. एजंट शेतकऱ्याकडून एकराने घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला गुंठ्याने विकायचा. एकरात ४० गुंठे, त्यामुळे खरी कमाई या मोजमापातच. शेतकऱ्याच्या हाती एकरकमी पैसा आला, तो बुलेट, स्कॉर्पिओ, लग्नं आणि जेवणावळींत विरला. लोकांनी त्याला 'गुंठामंत्री' म्हटलं. मंत्रिपदाची मुदत मात्र फार थोडी.

गुन्हा शिरला तो याच कागदांच्या फटीतून. सातबाऱ्यावर चार भावांची नावं, बहिणीची सही राहिलेली, साठेखत एकाला आणि खरेदीखत दुसऱ्याला. दिवाणी दावा पिढीभर चालणार, आणि गिऱ्हाइकाला ताबा तर या महिन्यात हवा. मग कुंपण घालायला, घातलेलं उपटायला, सही न देणाऱ्याच्या दारात जाऊन बसायला पोरं लागतात. ती गावातच मिळतात: जमीन गेलेली, शेती न शिकलेली, एकदा हातात आलेल्या पैशाची चटक लागलेली. आज दुसऱ्याच्या बांधावर उभा राहणारा पोरगा कालच्या विकणाऱ्याचाच असतो. म्हणून इथे पीटरसनसारखा परका खलनायक लागत नाही.

२०२१ मध्ये महेश मांजरेकरांनी याच गोष्टीवर हिंदीत 'अंतिम' काढला. पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत सलमान खान आला आणि साहजिकच पोलिसाचं वजन वाढलं. गुन्हेगाराला निधड्या छातीने भिडणारा नायक हा ड्रमंडच्या गोतातला. तो कुठल्याही शहरात शोभतो. पण मुळशीच्या गोष्टीत खरा वाद ताब्याचा आहे, आणि तो पोलिसाच्या एका गोळीने मिटत नाही. गुंड मेला तरी सातबाऱ्यावर नवं नाव चढलेलंच असतं.