सहा कवड्यांचा हिशेब

आमच्या घरी एकदा सहा पैशांपायी रात्रभर दिवा जळला होता. अण्णा एका पेढीवर कीर्द-खतावणी लिहीत. त्या दिवशी जमाखर्चात सहा पैशांचा फरक राहिला, तेव्हा वह्या घेऊन ते घरी आले. अकराच्या सुमारास आई म्हणाली, "अहो, आपल्या खिशातले टाका सहा पैसे आणि झोपा." अण्णा मान वर न करता म्हणाले, "पैसे टाकता येतील गं. चूक कुठे टाकू?"

मला तेव्हा अण्णांची कीवच आली. भागाकारातली बाकी रबराने पुसून टाकणारा मी मुलगा!

पुढे फार वर्षांनी 'लीलावती' हाती आली. भास्कराचार्यांनी ती ११५० साली लिहिली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. (त्या वयात मी विम्याचे हप्ते चुकवत होतो.) घटिकापात्रात मोती अडकून लग्नाचा मुहूर्त टळलेल्या लेकीची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते; ती मूळ पुस्तकात नाहीच. ती सांगितली अकबराच्या दरबारातल्या फैजीने, १५८७ सालच्या फारसी भाषांतरात.

मला मात्र भेटला श्रेढीव्यवहारातला एक दाता. त्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या द्यायच्या ठरवल्या आणि पुढे रोज दुप्पट. महिन्याचे किती निष्क झाले? गृहस्थाने बायकोला विचारलेलं दिसत नाही.

तीस वेळा दुप्पट करत बसायचं नाही, ही यातली गंमत. तीस सम, म्हणून निम्मे करा आणि 'वर्ग' लिहा. पंधरा विषम, म्हणून एक वजा करा आणि 'गुण' लिहा. असं शून्यापर्यंत उतरायचं, मग त्याच पायऱ्यांनी उलटं चढायचं: २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८ आणि आठव्या पायरीला १,०७,३७,४१,८२४. त्यातून एक काढून दुप्पट केली की झाल्या एकूण कवड्या: २,१४,७४,८३,६४६. ही युक्ती भास्कराचार्यांहून पुष्कळ जुनी, पिंगलाच्या छंदःशास्त्रातली. मोठे घातांक काढायला संगणक आजही तीच वापरतात.

दुसरा कुणी इथेच टाळ्या घेऊन थांबला असता. आचार्य नाणी मोडायला बसतात. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. उत्तर: १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिण्या आणि ६ कवड्या.

लाखभर निष्कांच्या शेपटाला सहा कवड्या! मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. पेढीवरची माणसं अण्णांना कवडीचुंबक म्हणत.

आचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, चाळीसगावजवळच्या पाटण्याला. तिथला १२०७ सालचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यात घराण्याची स्तुती संस्कृतात आहे आणि मठाला कुणी काय द्यायचं ते मराठीत. व्यवहाराला आपली भाषा बरी!

परवा तो दात्याचा हिशेब मी स्वतः करून पाहिला. माझ्या सहाऐवजी शेहेचाळीस कवड्या उरल्या. दोनदा ताळा घेतला, तरी शेहेचाळीसच. शेवटी लक्षात आलं, काकिण्या करायच्याच राहिल्या होत्या. रबर हाताशीच होतं. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"अहो, दिवा मालवा आता," आतून आवाज आला.

"दोनच काकिण्या राहिल्यात," मी म्हणालो.