डोंगराची कुळकथा

2020 च्या मे महिन्यात ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत दिवस सुरू व्हायचा तो एका प्रश्नाने. समोरच्या खोलीतल्या काकू गॅलरीच्या कठड्याला रेलून विचारायच्या, "डोंगर कुठवर आला रे?" टीव्हीवर अष्टौप्रहर दिसणाऱ्या कोरोनाच्या आलेखाला त्यांनीच हे नाव ठेवलं होतं. एका अंगाने चढणारी, माथ्यावर वळणारी, दुसऱ्या अंगाने उतरणारी लाल रेघ. चढण ठसठशीत असायची आणि उतरण तुटक, कारण ती अजून घडायची होती. काकूंना माथ्याची तारीख हवी असायची. वाहिन्या रोज नवी द्यायच्या.

गंमत अशी की या डोंगराचं मूळ गाव मुंबईच. त्याचा कागदोपत्री जन्म 1927 चा. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात विल्यम करमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक या दोघांनी साथींच्या गणिताबद्दल एक लेख लिहिला. समीकरणांच्या गर्दीत तिथे एक आकृती येते: मुंबई बेटावरचे प्लेगचे मृत्यू, 17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर त्या-त्या आठवड्यात गेलेली माणसं. सुरुवातीचे ठिपके जमिनीला चिकटलेले, मग भराभर वर चढणारे. पुढे आकडा नऊशेच्या आसपास जातो. मग उतार. ठिपक्यांवरून गणिताने काढलेली गुळगुळीत रेघ जाते आणि ती इतकी चपखल बसते की पाहणाऱ्याने मान डोलवावी. माथ्याजवळच्या एकेका ठिपक्यात शेकडो प्रेतं आहेत, आणि ठाकूरद्वारहून चंदनवाडीच्या स्मशानाची वाट धरलेली त्यात असणारच, हे आपण गिरगावकरांनी आठवायचं.

माणसं दोघंही विलक्षण. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. रोनाल्ड रॉस मलेरियाविरुद्ध सिएरा लिओनला गेले तेव्हा हा बरोबर होता. पुढे कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा प्रमुख झाला. गणित स्वतःच शिकला. करमॅक मुळात रसायनशास्त्रज्ञ. 1924 साली एडिनबरोच्या प्रयोगशाळेत स्फोट होऊन त्याचे डोळे कायमचे गेले, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. म्हणजे जगाने पुढे शंभर वर्षं पाहिलेली ही रेघ दोघा जनकांपैकी एकाने कधी पाहिलीच नाही.

त्यांची युक्ती सांगायला सोपी आहे. गावाचे तीन गट पाडायचे: लागण व्हायची राहिलेले, आजारी, आणि सुटलेले. सुटलेला बरा होऊन सुटला की मरून, याच्याशी गणिताला कर्तव्य नाही. नवी लागण पहिल्या दोन गटांच्या गाठीभेटींवर ठरते. होळीत सुकी लाकडं पुरेशी असली तर एका काडीने भडका उडतो; जळून गेलेली आणि ओलीच जास्त उरली की थोडी सुकी शिल्लक असतानाही जाळ बसतो. लागण होऊ शकेल अशा माणसांची दाटी एका मर्यादेखाली असली की साथ पेटतच नाही, आणि पेटली तरी सगळ्यांना गिळण्याआधीच विझते, हे त्या दोघांनी मांडून दाखवलं. 2020 मध्ये ज्या 'आर'च्या आकड्याने, म्हणजे एक रोगी किती जणांना लागण देतो त्या हिशेबाने, आपली झोप उडवली, तो याच घराण्यातला.

पण प्लेग माणसामाणसांच्या गाठीभेटींनी पसरत होता कुठे? त्या आलेखाच्याच सुमाराला, 1906 च्या आसपास, परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, म्हणजे आजच्या हाफकिनमध्ये, प्लेग कमिशनचे प्रयोग चालू होते. प्लेगच्या खोलीत जमिनीवर ठेवलेले गिनीपिग मरत. पिसवांची उडी पोचणार नाही अशा उंचीवर टांगलेले वाचत. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून माणसावर येत. उंदीर आणि प्लेग यांचं नातं लोकांना प्रयोगाआधीच ठाऊक होतं. "उंदीर पडला" एवढे दोन शब्द ऐकले की घरातली माणसं वळकटी बांधायची.

करमॅक-मॅकेंड्रिक यांनी हे लपवलं नाही, हे त्यांच्या पदरात टाकलं पाहिजे. आम्ही उंदरांची साथ मोजतो आहोत आणि माणसांची साथ ही तिची सावली आहे असं धरून चाललो आहोत, असं ते लिहितात. गृहीतकं मोजून सांगतात आणि यातलं एकही काटेकोरपणे खरं नाही, हेही कबूल करतात. 2012 मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने तोच आलेख पुन्हा तपासला. मुंबईचा प्लेग दरवर्षी हिवाळ्यात डोकं काढायचा आणि उन्हाळा तापला की बसायचा. तो उतार ऋतूचा होता, सुकी लाकडं संपल्याचा नव्हता. रेघ बरोबर बसली, कारण मात्र चुकलं. साथीच्या गणिताचा हा मूळपुरुष असा आहे, आणि मला तो म्हणूनच आवडतो.

उंदरांचं त्यांनी कबूल तरी केलं. भीतीचं नावही त्या लेखात नाही, आणि भीतीशिवाय मुंबईचा प्लेग सांगताच येत नाही. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला आणि थोड्याच महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई पळाली, कुणी कोकणच्या बोटीने, कुणी बोरीबंदरहून. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, त्याच्या अंगातलं तेल, म्हणजे मोमियाई, काढतात, अशी आवई होती. फोर्टातल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं. त्याबद्दल राणीने मुंबईकरांची काळजं मागितलीत, अशी दुसरी. ऑक्टोबरच्या अखेरीला गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्याच इस्पितळाचं पुढे कस्तुरबा झालं, आणि 2020 मध्ये मुंबईतले कोरोनाचे पहिले रुग्ण तिथेच ठेवले गेले. शिरगणतीतही हा पळ उमटला: 1891 ला 8 लाख 21 हजारांवर असलेली मुंबई 1901 ला 7 लाख 76 हजारांवर आली. प्लेगने मारलेले आणि प्लेगच्या धास्तीने गेलेले त्या आकड्यात एकत्रच आहेत.

आवईचं गणित यायला 1964 उजाडलं. डेली आणि केंडल यांनी तेच तीन गट घेतले: न ऐकलेले, सांगत सुटलेले, गप्प झालेले. फरक एवढाच की रोगी आपोआप बरा होतो, आवई सांगणारा मात्र समोरच्याने "हे केव्हाच कळलंय" म्हटल्यावर गप्प बसतो. त्यांच्या हिशेबाने शेकडा वीस लोकांपर्यंत बातमी कधी पोचतच नाही. (ते दोघं गिरगावातल्या चाळीत राहिले नव्हते, हे उघड आहे.) 1994 ला सुरतेच्या प्लेगमध्ये मृतांचा आकडा साठाच्या आत राहिला आणि पळालेले लाखांनी मोजले गेले. मग 2008 मध्ये जोशुआ एप्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी रोग आणि भीती या दोन साथी एकाच समीकरणात जुंपल्या. भ्यालेली माणसं दडतात, लागण मंदावते. लागण मंदावली की भीती ओसरते, माणसं बाहेर येतात आणि दुसरी लाट उठते.

काकूंना मी 1906 चा आलेख मोबाइलवर दाखवला. चष्मा कपाळावर सारून त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"हे आपल्याकडचे?"

"हो. मुंबई बेट."

"आणि गावाला गेलेले कुठे धरलेत ह्यात?"

"नाही धरलेले."

"मग आमचा सुधा कुठे धरायचा?" त्यांनी मोबाइल परत दिला. सुधा मार्चपासून रत्नागिरीत जाऊन बसला होता, आणि आदल्याच दिवशी त्याने यायला निघतो म्हणून फोन केला होता.