गॅरेजवरचा सिमेंटचा पत्रा

१९६०च्या सुमारास लीड्स किंवा मँचेस्टरच्या उपनगरातल्या माणसाला हप्त्यावर मोटार घेता येऊ लागली, पण ती उभी करायची कुठे? ब्रिटनमधली कितीतरी घरं मोटार घरोघरी येण्याआधीची. १९५० साली देशात सुमारे २० लाख मोटारी होत्या. १९७०पर्यंत तो आकडा एक कोटीच्या पुढे गेला. मग सुट्या भागांची गॅरेजं विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. काँक्रीटचे तयार फलक ट्रकमधून यायचे, परसात भराभर उभे राहायचे आणि वर बसायचा करड्या रंगाचा नागमोडी पत्रा. आपल्याकडे ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतात, तोच.

हा पत्रा ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक यांचा. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. पुठ्ठा बनवण्याच्या यंत्रावर त्यांनी लगद्याऐवजी सिमेंट, पाणी आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू यांचं पातळ मिश्रण चालवलं. थरावर थर चढवून दाबायचे, वाळवायचे, की पत्रा तयार. तंतू साधारण दहा-पंधरा टक्के, बाकी सगळं सिमेंट. गंज नाही, वाळवी नाही, आगीची भीती नाही आणि खिशाला परवडणारा. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलाद मिळेनासं झालेल्या ब्रिटनला आणखी काय हवं होतं?

त्या देशात या धंद्यातलं मोठं नाव टर्नर अँड न्यूऑल, मूळ गाव मँचेस्टरजवळचं रॉचडेल. याच रॉचडेलमध्ये नेली केरशॉ नावाची कामगार स्त्री ॲस्बेस्टॉसचं सूत कातत असे. १९२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती फुप्फुसं निकामी होऊन गेली. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसं तपासून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याच वर्षी लेख लिहिला. कंपनीने नुकसानभरपाई नाकारली. १९३० साली सरकारी तपासनीस मेरवेदर आणि प्राइस यांचा अहवाल आला, पुढच्या वर्षी धुळीवर नियम झाले. नियम मात्र कारखान्याच्या भिंतीच्या आत. तोच माल बाहेर पडून छपरावर चढला, त्याला करवत लागली, भोकं पडली, तर विचारणारं कोणी नव्हतं. म्हणजे गॅरेजांचा तो सुकाळ येण्याच्या तीस वर्षं आधीच धोका छापून आलेला होता. अज्ञानाची सबब इथे चालत नाही.

पुढचे धक्के जास्त मोठे होते. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमा या कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतले बरेच जण ॲस्बेस्टॉसच्या खाणीत कधी उतरलेलेच नव्हते, नुसते त्या भागात राहिलेले. १९६५ साली लंडनमधल्या पाहणीत कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या माणसांची नावं आली. १९८२मध्ये ॲलिस जेफरसन या मरणपंथाला लागलेल्या स्त्रीवरचा माहितीपट दूरचित्रवाणीवर दाखवला गेला आणि देश हादरला. तिने तरुणपणी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काही महिनेच काम केलं होतं. निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८५च्या कायद्याने बंदी आली. पत्र्यात मुख्यतः वापरला जाणारा पांढरा ॲस्बेस्टॉस मात्र १९९९पर्यंत चालू राहिला.

बंदी नव्या मालावर होती. छपरावरचं छपरावरच राहिलं, आणि ते काही चुकीचं नव्हतं: पत्रा शाबूत असेल तर तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. धोका तो फोडण्यात, घासण्यात, शेवाळ काढायला पाण्याचा जोरदार फवारा मारण्यात. म्हणून उतरवण्याची रीत ठरली. आधी पत्रा पाण्याने भिजवायचा, हुक बोल्ट सोडवायचे किंवा कापायचे, पत्रा अखंड खाली घ्यायचा. छपरावर पाय द्यायचा नाही, कारण जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. या कामातला तातडीचा धोका कर्करोगाचा नसतो, पडण्याचा असतो. नाकावर एफएफपी३ दर्जाचा मास्क, अंगावर टाकून द्यायचे कपडे. मग जाड प्लास्टिकचे दोन थर, चिकटपट्टी आणि धोक्याची चिठ्ठी.

सिमेंटच्या पत्र्यासाठी ब्रिटनमध्ये सहसा परवानाधारक कंत्राटदार लागत नाही, घरमालक स्वतः तो काढू शकतो. टाकायचा मात्र कुठेही नाही. काही नगरपालिका आधी वेळ घेऊन मोजके पत्रे स्वीकारतात, काही पैसे घेतात, काही घेतच नाहीत. माणूस लावून काम केलं तर त्याची कचरावाहक म्हणून नोंदणी आहे ना, हे पाहणं २००५पासून घरमालकाचीही कायदेशीर जबाबदारी आहे. शेवटी हा माल परवाना असलेल्या भरावभूमीत वेगळ्या कप्प्यात पुरला जातो. खर्च टाळणारे तो रात्री रानवाटेला टाकून जातात, हेही आलंच. २०२२ साली संसदीय समितीने सार्वजनिक आणि व्यापारी इमारतींतला ॲस्बेस्टॉस चाळीस वर्षांत काढण्याची मुदत सुचवली. सरकारने ती मानली नाही. घरगुती गॅरेज त्या शिफारशीतही नव्हतं. पोलंडने २०३२ ही मुदत स्वतःला घालून घेतली आहे.

टर्नर अँड न्यूऑलचा हात मुंबईपर्यंत पोचलेला होता. तिची इथली कंपनी १९३४ची. मध्य प्रदेशातल्या कैमोरनंतर मुलुंडलाही कारखाना निघाला. ‘बिग सिक्स’ आणि मँचेस्टरजवळच्या ट्रॅफर्ड पार्कवरून नाव पडलेला ‘ट्रॅफर्ड’ हे पत्रे आपल्या बांधकामाच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. घाटकोपरच्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी २००५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा साधारण २२ टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस हा फुप्फुसांचा विकार निघाला. त्याआधी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षं जपायला सांगितलं होतं. भर पुन्हा कारखान्यावरच. भारतात आज ॲस्बेस्टॉस खणला जात नाही, पण पांढरा बाहेरून येतो आणि पत्रा कायदेशीरपणे बनतो. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत कारखान्यातून निघणारा ॲस्बेस्टॉसचा कचरा मोडतो आणि तळोजाला अशा मालासाठी बंदिस्त भरावभूमीही आहे.

चाळीवरून किंवा शेडवरून उतरलेला पत्रा तिथवर क्वचितच जातो. फुटलेला राडारोड्यात मिसळतो. धड निघालेला जुन्या पत्र्यांच्या दुकानात उभा राहतो. गिऱ्हाईक तो टिचकी मारून पारखून घेतं, गोठ्यावर चढवतं आणि वाशाच्या मापाने त्याला नवी भोकं पाडतं.