पाट्याला आवरणारे तेल

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीडहून अहिल्यानगरकडे प्रवासी रेल्वे सुटली. २६१ किलोमीटरच्या नगर–बीड–परळी मार्गाला मंजुरी मिळाली होती १९९५ च्या सुमारास, आणि मागणी त्याहून कितीतरी जुनी. परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे होती. पण जिल्ह्याच्या ठिकाणाला, आष्टी-पाटोद्याला, गेवराई-केजला जे काही आले आणि तिथून जे काही गेले ते सगळे रस्त्याने. कापूस, ज्वारी, सिमेंट, वऱ्हाडी, बाळंतिणी आणि दरवर्षी ऊसतोडीला जाणारी लाखो माणसे. रुळावरची गाडी गुळगुळीत चालते. रस्त्यावरच्या गाडीला प्रत्येक खड्ड्याचा हिशेब कुठेतरी द्यावा लागतो. बीडमध्ये हा हिशेब शे-दीडशे वर्षांत बैलाच्या खांद्यावरून लोखंडी पाट्यावर आणि पाट्यावरून एका नळीतल्या पेलाभर तेलावर कसा आला, ते पाहण्यासारखे आहे. आजचा पिकअपवाला नवा शॉकअप घ्यायला दुकानाच्या पायरीवर उभा राहतो, तेव्हा तो याच वाटेच्या शेवटच्या टप्प्यावर असतो.

जुन्या बैलगाडीला कमान नव्हतीच. तुंबा, आरे, वरून लोखंडी धाव, आणि साटा थेट आखावर. दगड आला की चाक उचलले जाई, आखाबरोबर साटा, साट्याबरोबर माल आणि जुवाखाली बैलाची मान. सांध्यांची कुरकुर आणि साट्यातला कडबा थोडा धक्का खाऊन टाकत. बाकीचा बैल सोसत असे. खांदे सुजलेले बैल आणि खांदेमळणीच्या दिवशी त्यांना चोळले जाणारे तूप-हळद हा या हिशेबाचाच भाग. गाडी माणसाच्या चालीने चाले म्हणून हे निभावले.

पहिला मोठा बदल हवेने केला. १९३० च्या दशकात डनलॉप कंपनीने बैलगाडीसाठी रबरी टायर भारतात आणले आणि ‘डनलॉप गाडी’ हा शब्द मराठीत कायमचा राहिला. हवा भरलेले चाक लहान खडा गिळून टाकते आणि चिखलात लाकडी चाकाइतके रुतत नाही. साखर कारखान्यांनी हे लवकर ओळखले. ऊसतोडीच्या बोलीत आजही तीन शब्द आहेत : स्वतःची बैलगाडी घेऊन जाणाऱ्यांचे ‘गाडी सेंटर’, कारखान्याच्या टायरगाडीला आपले बैल जुंपणाऱ्यांचे ‘टायर सेंटर’, आणि डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणाऱ्यांचे ‘डोकी सेंटर’. मजुरांची अख्खी विभागणी चाकावरून पडली आहे.

पण हवा उसळते. तिला आवरणारे काही त्या गाडीत नव्हते.

पोलादी पाट्यांची कमान युरोपात आधीच बग्ग्यांखाली आली होती. १८०४ मध्ये ओबडाया इलियट या इंग्रज कारागिराने गाडीचा सांगाडा थेट लंबगोल कमानींवर बसवण्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे टांग्यांनी आणि शिगरामांनी ती कमान उचलली. तिची खरी करामत लवचिकतेइतकीच घर्षणात आहे. एकावर एक सात-आठ पाटे चढवलेले असतात. धक्का बसला की ते एकमेकांवर सरकतात, घासतात, आणि त्या घासण्यात उसळीचा जोर मुरतो. म्हणजे जुना पाटा स्वतःच स्प्रिंगही होता आणि स्प्रिंगचा लगामही. पाट्यांमध्ये भरपूर ग्रीस भरले तर कुरकुर जाते, पण घर्षणही जाते आणि गाडी जास्त उड्या मारते. वेगळा शॉकअप नसताना गाड्या चालल्या त्या या ‘कुरकुरी’च्या जोरावर.

जून १९३२ मध्ये निजामाच्या राज्य रेल्वेने २७ बसगाड्या आणि १६६ माणसांनिशी रस्ता वाहतूक खाते सुरू केले. रेल्वेने स्वतःच बस चालवावी ही त्या काळात मोठी गोष्ट होती. हैदराबाद संस्थानाच्या पश्चिम टोकाला असलेल्या बीडच्या शेजारी मात्र राज्यच बदलत होते. पलीकडे नगर ब्रिटिश मुंबई इलाख्यात, दक्षिणेला बार्शीही तिकडेच. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. १९११ मध्ये ती लातूरला पोचली. बीड शहरात आजही बार्शी नाका आहे, बार्शीच्या बाजारपेठेची ओढ सांगणारा. कॅल्थ्रॉपचा आग्रह असा की कोणत्याही डब्याच्या वा इंजिनाच्या एका आखावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. ओझे किती यापेक्षा ते किती आखांवर वाटले आहे, हा हिशेब त्याने हलक्या रुळांसाठी मांडला. शंभर वर्षांनी त्याच मुलखात दोन आखांच्या पिकअपवर कांद्याची थप्पी रचली जाताना तो कोणाला आठवत नाही.

१ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एसटी धावली. बीड तेव्हा निजामाकडे होते. साडेतीन महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, ते मोकळे झाले. मराठवाड्याची वेगळी राज्य परिवहन पुढे १९६१ मध्ये आजच्या एसटी महामंडळात मिसळली. गाड्या आल्या, पण त्यांच्यासाठी रस्ते कुठे होते?

या जिल्ह्यातले कितीतरी रस्ते दुष्काळाने बांधले. १९७२ च्या दुष्काळात गावेच्या गावे खडी फोडायला बसली. वि. स. पागे यांच्या नावाशी जोडलेली रोजगार हमी योजना त्याच काळात उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. बायकांनी मांडीशी लेकरू घेऊन फोडलेली खडी आणि डोक्यावरून वाहिलेला मुरूम कितीतरी गावरस्त्यांच्या पोटात आहे. त्या हातांबद्दल आदरच हवा. अडचण खालच्या जमिनीची आहे. गोदाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेला रस्ता दोन-तीन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. वर बालाघाटात तशी खोल माती नाही, पण धारूर आणि मांजरसुंब्यासारखे घाट आहेत. म्हणजे खाली लाटा, वर वळणे. गाडीच्या खालच्या बाजूसाठी याहून कठोर परीक्षा शोधून सापडणार नाही. खड्डा एकदा आपटतो आणि संपतो. लाटा मात्र गाडीला एका तालात झुलवत राहतात. झोका वेळीच मोडला नाही तर चाक जमीन सोडते.

तो झोका मोडण्याचे काम पुढे तेलाने घेतले. फ्रान्समध्ये मोरिस हुडाय यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेल भरलेला शॉक अब्जॉर्बर, म्हणजे आपला शॉकअप, तयार केला. फोर्डने १९२७ च्या अखेरीस आणलेल्या ‘मॉडेल ए’ला चारही चाकांवर तो बसवला आणि हे प्रकरण श्रीमंतांच्या मोटारीतून सामान्यांच्या मोटारीत आले. युक्ती साधी आहे. बंद नळीत तेल, त्यात दांड्याला लावलेला दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके आणि झडपा. चाक उसळले की तेलाला त्या भोकांतून मुकाट्याने जावे लागते. ते रेटताना उसळीचा जोर उष्णतेत बदलतो. लांब खराब रस्त्यानंतर शॉकअपला हात लावला तर चटका बसतो, तो पचवलेल्या खड्ड्यांचा.

भारतात १९६१ मध्ये गॅब्रिएल इंडियाने मुंबईत मुलुंडला शॉक अब्जॉर्बर बनवायला सुरुवात केली. मराठवाड्यातही हे काम आले. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच वर्षी औरंगाबादेत निघालेली अनुरंग इंजिनिअरिंग पुढे ‘एन्ड्युरन्स’ या नावाने दुचाकी-तीनचाकींचे शॉकअप बनवणारी मोठी कंपनी झाली. गेवराई-बीडची पोरे वाळूजच्या शिफ्टला जाऊ लागली. ज्यांच्या आजोबांनी बैलाचे खांदे चोळले, त्यांचे नातू धक्का जिरवणारी नळी जोडू लागले.

मालगाडीही बदलत होती. नगरच्या फिरोदियांनी १९५८ मध्ये जर्मन कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो उभी केली आणि ‘टेम्पो’ हा शब्द कोणत्याही लहान मालगाडीला चिकटला. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली. मे २००५ मध्ये आलेली पाऊण टनाची टाटा एस तर ‘छोटा हत्ती’ होऊन बसली. बीडच्या मोंढ्यात आणि आठवडी बाजारात मात्र पिकअप म्हटले की बोलेरो पिकअप. या गाड्यांची वाहायची ताकद वाढतच गेली. बोलेरो मॅक्स पिकअपच्या २०२३ मध्ये आलेल्या वरच्या नमुन्याला कंपनीनेच २ टन भार ठरवून दिला आहे.

या प्रवासात एक बदल गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. जुन्या ट्रकच्या पाट्यांची जाड थप्पी अनेक नव्या गाड्यांत निम्म्याने कमी झाली. मध्ये जाड आणि टोकाला निमुळते होत गेलेले दोन-तीनच ‘पॅराबोलिक’ पाटे तेवढेच वजन पेलतात. गाडी हलकी झाली, बैठक मऊ झाली. पण पाटे कमी म्हणजे घासणेही कमी. पाट्याने स्वतःपुरता सांभाळलेला लगाम जवळजवळ सगळा शॉकअपच्या हाती गेला. जुन्या ट्रकचा ड्रायव्हर फुटलेल्या शॉकअपवर वर्ष काढायचा आणि त्याचे फारसे बिघडायचे नाही. नव्या पिकअपला ते जमत नाही, याचे कारण इथे आहे.

तरीही जिल्ह्याच्या गॅरेजांतली पहिली तक्रार तीच जुनी असते : ‘मागून बसली.’ आणि पहिला उपाय : एक पाटा जादा टाकणे. इथेच सगळ्यात मोठा गैरसमज दडला आहे. वजन शॉकअप उचलत नाही. वजन पाटा उचलतो. बसलेली गाडी महागड्या शॉकअपने वर येत नाही, आणि उडणारी गाडी जादा पाट्याने शांत होत नाही. उलट जादा पाट्याने रिकामी गाडी वर उचलली जाते, शॉकअप आधीच जवळजवळ पूर्ण ताणलेला राहतो, आणि स्पीडब्रेकरवर चाक लोंबले की तो आपल्याच टोकाशी झटका खातो. मग बसवायच्या टोकाचा डोळा तुटतो, बुश फाटतो, आणि दोष बिचाऱ्या शॉकअपच्या कंपनीला लागतो. पाटा वाढवायचाच असेल तर शॉकअपची लांबी नव्या उंचीला मापून घ्यावी लागते आणि त्याचा आवरही थोडा कडक हवा. कडक पाटा जास्त जोराने उसळतो.

रोज धावणाऱ्या गाडीची गोची अशी की ती एकाच दिवसात दोन गाड्या असते. पहाटे भाजी किंवा सिमेंट भरून दीड टनाची, दुपारी परतताना रिकामी आणि उडती. म्हणून फक्त भरलेल्या गाडीच्या हिशेबाने घेतलेला अतिकडक शॉकअप रिकाम्या फेरीत चेसिसच्या आणि ड्रायव्हरच्या मणक्याच्या मुळावर येतो. फ्रेंच संशोधक क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों यांनी १९५० च्या दशकात दाबाखालचा गॅस भरलेला शॉकअप रूढ केला. त्याचा खरा उपयोग गाडी उंच करण्यात नाही. सलग खडबडीत रस्त्यावर साध्या शॉकअपच्या तेलात फेस होतो, फेस भोकातून सहज निसटतो आणि आवर सुटतो. गॅसचा दाब तो फेस होऊ देत नाही. गढी फाट्यावरून आतल्या गावांच्या फेऱ्या मारणाऱ्याला याचे मोल आहे. डांबरी हमरस्त्यावरच चालणाऱ्याला चांगल्या कंपनीचा साधा तेलाचा शॉकअपही पुष्कळ दिवस पुरतो.

टिकाऊपणा बहुधा डब्यावरच्या नावात शोधला जातो. तो असतो दांड्याच्या चकाकीत आणि सिलात. खडीच्या धुळीचा कण दांड्यावर ओरखडा काढतो, ओरखडा सील कापतो, आणि सील गेले की तेल गेले. त्यामुळे दांड्यावरचे धूळझाकण आणि वर-खालचे रबरी बुश हे चिल्लर सामान नाही. नळीवर किंचित ओलसर पापुद्रा दिसला तर घाबरायचे कारण नसते. ओघळ आणि त्यावर चिकटलेला धुळीचा थर दिसला की वेळ आली. मोटारीचा कोपरा दाबून सोडायची परीक्षा पिकअपच्या मागच्या बाजूला फारशी चालत नाही, पाटे माणसाच्या वजनाला दाद देत नाहीत. तिथे टायर बोलतो : रबरावर ठरावीक अंतराने वाट्यांसारखे खळगे पडले असतील तर चाक रस्त्यावर नाचते आहे. आणि एकाच बाजूचा शॉकअप बदलणे म्हणजे एका बाजूला तरणा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला बैल जुंपणे. शेतकऱ्याच्या पोराला हे वेगळे समजावावे लागत नाही, तरी पैशाच्या ओढीत तो तसे करतो.

ही चैन नाही. बालाघाटाच्या माळावरचे सीताफळ, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तोडल्यावर दोन-तीन दिवसांत पिकते आणि आपटले तिथे काळे पडते. बीडहून निघालेल्या क्रेटमधली किती फळे बाजारात चांगली उतरतील, ते त्या नळीतल्या तेलावरही ठरते. आणि दसरा-दिवाळीनंतर याच गाड्यांत माणसे असतात. मालगाडीत माणसे बसवायला कायद्याची परवानगी नाही, तरी भांडी, शेळ्या, कोंबड्या आणि झोपलेली लेकरे घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, रात्रभर, शेकडो किलोमीटर. फळ निदान क्रेटमध्ये कागदात गुंडाळलेले असते.

जुना शॉकअप भंगारात जातो. मोडलेला पाटा सहसा जात नाही. ते पोलाद फार चांगले असते. रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेले घिसाडी तो विकत घेतात, भात्यावर लाल करतात, घणाखाली तोडतात आणि त्याचे विळे, कुऱ्हाडी, कोयते घडवतात. नवरा-बायकोच्या जोडीला ऊसतोडीत ‘कोयता’च म्हणतात. दिवाळीच्या आधी घिसाड्यांची गिऱ्हाइके वाढतात. मूठ बसवलेला नवा कोयता गोणपाटात गुंडाळून पिकअपमध्ये ठेवला जातो, मागच्या पाट्यांच्या बरोबर वर.