रीजन्सी प्रणयकथा, सामाईक वारशाची

रीजन्सी प्रणयकथा, सामाईक वारशाची : इंग्रजी लोकप्रिय कादंबरीचा एक उपप्रकार. एकाच मिळकतीवर डोळा किंवा हक्क असलेले नायक-नायिका आधी एकमेकांचे वैरी असतात आणि शेवटी लग्न करतात, एवढे त्याचे सूत्र. स्थळ इंग्लंड, काळ एकोणिसाव्या शतकाचे दुसरे दशक, आणि भांडणाचे मूळ बहुधा कोणा मयताच्या मृत्युपत्रात. आपल्याकडे जिला भाऊबंदकी म्हणतात तिचाच हा गोड शेवटाचा प्रकार. इथले भाऊबंद नात्यातले असतातच असे नाही. असले तरी चुलत किंवा आतेभावंडे असतात, आणि त्यांच्या लग्नात इंग्रजी कायद्याला काही वावगे वाटत नाही.

राजा तिसरा जॉर्ज याच्या बुद्धीवर परिणाम झाल्याने त्याचा थोरला मुलगा ५ फेब्रुवारी १८११ रोजी राजप्रतिनिधी, म्हणजे रीजंट झाला. २९ जानेवारी १८२० रोजी बाप वारला आणि तो चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला. मधल्या नऊ वर्षांना रीजन्सी म्हणतात. कादंबरीकार ही मुदत सैल धरतात आणि आगेमागे दहा-पंधरा वर्षे सहज खपवतात. तरीही या कथाप्रकाराला हाच काळ मानवावा हे गमतीचे आहे, कारण युगाचे नावच मुळी वारसा मिळण्याची वाट पाहत बसलेल्या मुलावरून पडले आहे.

कथेचा सांगाडा ठरलेला असतो. एखादा श्रीमंत आणि विक्षिप्त म्हातारा मरतो. वकील मृत्युपत्र वाचतो. वाडा, जमीन आणि कर्ज ही तिन्ही अशा दोघांच्या नावावर निघतात, ज्यांचे आपसात एक क्षण पटत नाही. पुढे एखादी अट असते : दोघांनी वर्षभर त्याच छपराखाली राहायचे, नाहीतर सगळे तिसऱ्याच लोभी नातेवाइकाच्या घशात जाणार. अविवाहित मुलीने परक्या तरुणाबरोबर एका घरात राहणे म्हणजे त्या समाजात बदनामीच, म्हणून सोबतीला एक वयस्क आत्या आणावी लागते. ही आत्या शेकोटीजवळच्या खुर्चीत वेळेवर डुलकी घेते. या उपप्रकारातले तिच्याइतके उपयोगी पात्र दुसरे नाही.

मृत्युपत्राच्या अटीवर प्रेमाची गाडी अडवण्याची युक्ती रीजन्सीहून जुनी आहे. विल्यम काँग्रीव्हच्या 'द वे ऑफ द वर्ल्ड' (१७००) या नाटकात मिलामंटची अर्धी संपत्ती, म्हणजे ६,००० पौंड, मावशीच्या संमतीशिवाय लग्न केल्यास हातची जाणार असते. फॅनी बर्नीच्या 'सेसिलिया' (१७८२) या कादंबरीत पेच आणखी चमत्कारिक आहे. काकाने पुतणीला वर्षाला ३,००० पौंडांची मिळकत ठेवली आहे, पण लग्नानंतर नवऱ्याने तिचे आडनाव लावायचे या अटीवर. ज्याच्यावर तिचे मन बसते त्या मॉर्टिमर डेल्व्हिलच्या घराण्याला नेमका आपल्या नावाचा केवढा अभिमान! शेवटी मिळकत जाते आणि नवरा मिळतो. आडनावाची अशी अट घालण्याची रीत खऱ्या इंग्रज घराण्यांतही होती. मुलगा नसलेल्या घराचे नाव जावयाच्या अंगावरून पुढे चालवण्याचा तो मार्ग होता. जेन ऑस्टिनला 'प्राइड अँड प्रेज्युडिस' हे शब्द सुचले तेही बहुधा याच कादंबरीच्या अखेरीवरून, असे अभ्यासक मानतात.

ऑस्टिनला (१७७५–१८१७) वारसा हा कथेपुरता विषय नव्हता. तिचा भाऊ एडवर्ड याला श्रीमंत नाइट कुटुंबाने दत्तक घेतले आणि गॉडमर्शम व चॉटन या मिळकती त्याच्याकडे आल्या. आई आणि बहिणींना १८०९ साली चॉटनमधले एक घर राहायला मिळाले ते याच भावाच्या मेहेरबानीने. घर, जमीन आणि बायकांचे नशीब यांचा हिशोब तिने घरातच पाहिला होता.

तो हिशोब किती जवळून पाहिला होता हे 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'च्या (१८११) दुसऱ्या प्रकरणात कळते. नॉरलंडची जहागीर नायिकांचा सावत्र भाऊ जॉन डॅशवुड आणि त्याचा चार वर्षांचा मुलगा यांच्याकडे जाते. मरताना बापाने बहिणींकडे बघायला सांगितले म्हणून जॉन मनाशी ३,००० पौंड द्यायचे ठरवतो. मग त्याची बायको फॅनी बोलू लागते. आपल्या लहानग्याच्या तोंडचा घास काढायचा का? ३,०००चे १,५०० होतात. एकरकमी देण्यापेक्षा त्यांच्या आईला वर्षासन द्यावे का? छे, वर्षासन मिळणारी माणसे काही केल्या मरत नाहीत. मग अधूनमधून ५० पौंड. अखेर मदत उरते ती सामान हलवायला हात लावण्याची आणि हंगामात थोडे मासे आणि शिकार पाठवण्याची. वर सासूबाईंकडे गेलेली चिनी मातीची भांडी आपल्या भांड्यांहून सरस आहेत, ही फॅनीची खंत असतेच. ज्याने गावाकडची वाटणी जवळून पाहिली आहे, त्याला हे प्रकरण परक्या देशातले वाटणार नाही.

या उपप्रकाराचे खरे बीज मात्र 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) आहे, आणि ते तिथे दोन माणसांत विभागलेले आहे. लाँगबोर्नची वर्षाला २,००० पौंडांची मिळकत फक्त पुरुष वारसाकडे जाण्यासाठी बांधलेली असल्याने पाच बेनेट मुलींना सोडून ती दूरच्या कॉलिन्सकडे जाणार आहे. वारशातला प्रतिस्पर्धी तो. भरपाई म्हणून तो त्या मुलींतल्या एलिझाबेथला मागणीही घालतो, म्हणजे भांडणातले दोन्ही पक्ष लग्नाने एक करायचा तोडगा काढतो. ती नाही म्हणते. तिरस्कारापासून प्रेमापर्यंतचा प्रवास ती करते तो डार्सीबरोबर. त्याचे उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड, आणि लाँगबोर्नशी त्याचा काडीचा संबंध नाही. पुढच्या लोकप्रिय लेखिकांनी या दोघांचा एकच माणूस केला : हक्क कॉलिन्सचा, रुबाब डार्सीचा. ऑस्टिनने ज्या तोडग्याला हसून बाजूला सारले, त्याच तोडग्यावर हा सारा कथाप्रकार उभा आहे. खुद्द ऑस्टिनला या कादंबरीचे हक्क विकून ११० पौंड मिळाले.

हे मिश्रण पक्के केले जॉर्जेट हेयरने (१९०२–७४). रीजन्सी काळातली प्रणयकथा हा स्वतंत्र प्रकार तिच्या 'रीजन्सी बक'पासून (१९३५) सुरू झाला असे मानतात. ज्युडिथ टॅव्हर्नर आणि तिचा धाकटा भाऊ आपल्या पालकाला भेटायला लंडनला निघतात. हा पालक वडिलांचा जुना मित्र असेल अशी तिची कल्पना असते. वाटेत एका उद्धट तरुणाशी तिची चांगलीच जुंपते, आणि तोच वर्थचा अर्ल, म्हणजे आपला पालक, हे तिला लंडनला कळते. मित्र केव्हाच वारलेला असतो, किताब मुलाकडे आलेला असतो. वर्थ तिची एकेक स्थळे नाकारत सुटतो, इकडे भावाच्या जिवावर कोणीतरी उठलेले असते. आजच्या वाचकाला वर्थची अरेरावी जड जाते, आणि ते बरोबरच आहे.

'द रिलक्टंट विडो'मध्ये (१९४६) हेयरने अट उलटी फिरवली. एलिनॉर रॉचडेल ही गरीब शिक्षिका नोकरीवर रुजू व्हायला निघते आणि चुकून दुसऱ्याच घोडागाडीत बसते. गाडी तिला लॉर्ड कार्लायनकडे नेते. त्याला आपल्या उनाड चुलतभावासाठी बायको हवी असते, कारण भाऊ अविवाहित मेला तर मिळकत आपल्याच गळ्यात पडेल आणि लोक आपल्यालाच नावे ठेवतील. त्याच रात्री तो भाऊ मारामारीत प्राणांतिक जखमी होतो. सकाळपर्यंत एलिनॉर बायको आणि विधवा दोन्ही होते, आणि पडक्या हायनून्स वाड्याची मालकीणही. इथे दोघांचे भांडण मिळकत नको म्हणून आहे. वारसा नाकारणारे वारस ही कल्पना इतर कोणाला इतक्या हसऱ्या गांभीर्याने निभावता आली नसती.

माझ्या मते या प्रकारातली सर्वांत धारदार कादंबरी 'बाथ टँगल' (१९५५). लेडी सेरेनाचे वडील, स्पेनबरोचे अर्ल, वारतात. मृत्युपत्र वाचले जाते तेव्हा कळते, की तिची सगळी संपत्ती विश्वस्ताकडे बांधलेली आहे आणि तिच्या लग्नालाही त्याचीच संमती लागणार आहे. विश्वस्त कोण, तर मार्क्विस रॉदरहॅम, ज्याच्याशी ठरलेले लग्न तिने पूर्वी स्वतः मोडले होते. मेलेल्या बापाने ही शक्कल जुने जुळवण्यासाठी लढवली हे दोघांनाही दिसते, आणि म्हणूनच दोघे पेटतात. विशेष म्हणजे सेरेना रॉदरहॅमपुढे कधी लहान होत नाही. दोघेही सारखेच तापट. पुस्तकभर दोघे भलत्याच माणसांशी लग्न ठरवून बसतात आणि शेवटी जोड्यांची अदलाबदल होते. सेरेनाहून लहान असलेली तिची सावत्र आई हीसुद्धा त्या अदलाबदलीत आपला वाटा घेऊन जाते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर या कथा वाटतात तितक्या बेतलेल्या नाहीत. एकाच मिळकतीचे दोन मालक इंग्लंडमध्ये दोन तऱ्हांनी होत. एकीत प्रत्येकाचा हिस्सा वेगळा असे आणि तो त्याच्या वारसांकडे जाई. दुसरीत हिस्से पाडलेले नसत आणि एक मेला की सगळे उरलेल्याचे होई. ज्या कादंबरीत प्रणयाबरोबर खूनही हवा असतो तिला ही दुसरी तऱ्हा फार सोयीची. मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडे जाई. मुलगा नसला तर मात्र सगळ्या मुलींना ती एकत्र आणि सारखी मिळे. अशा मुलींना कायद्यात कोपार्सनर म्हणत. लाँगबोर्नची मिळकत पुरुष वारसासाठी बांधलेली नसती, तर पाचही बेनेट बहिणी कोपार्सनर झाल्या असत्या. हाच शब्द इंग्रजांनी हिंदू एकत्र कुटुंबाला लावला आणि तिथे तो फक्त पुरुषांपुरता राहिला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्माने हा दर्जा महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला, आणि सगळ्या देशात २००५ साली.

खरी गोम लग्नाच्या दिवशी आहे. इंग्रजी कायद्यात नवरा-बायको मिळून एकच व्यक्ती धरली जाई, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. बायकोची रोकड, दागिने, कर्जरोखे त्याचे होत. तिच्या जमिनीचे उत्पन्न संसार चालू असेतो त्याच्या हाती जाई. फक्त तिच्या संमतीशिवाय ती जमीन त्याला कायमची विकता येत नसे. म्हणजे ज्या नायिकेने तीनशे पाने अर्ध्या वाड्यासाठी भांडण केले, ती वेदीपुढे हो म्हणताच तो अर्धा वाडा प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात देते. यावर इलाज होता : लग्नाआधी करारनामा करून मिळकत तिच्यासाठी विश्वस्तांकडे ठेवणे. पैसेवाली घराणी हे न चुकता करत, पण कादंबरीत चुंबनाच्या प्रसंगी वकील क्वचितच बोलावतात. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मिळकत ठेवण्याचा पूर्ण हक्क १८८२च्या कायद्याने मिळाला. आणि पुन्हा वैर आले तर? १८५७पर्यंत पुरा घटस्फोट, म्हणजे दुसरे लग्न करता येईल असा, मिळवायला पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे.

अमेरिकेत हेयरच्या धर्तीवर रीजन्सी कथांच्या स्वस्त पुस्तकमाला निघाल्या आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांतल्या मोठ्या मालिका बंद पडल्या. त्यांची जागा धीट आणि विनोदी कादंबऱ्यांनी घेतली. टेसा डेअरच्या 'रोमान्सिंग द ड्यूक'मध्ये (२०१४) इझी गुडनाइटला धर्मपित्याकडून एक किल्ला मिळतो. उपाशीपोटी ती तिथे पोचते तेव्हा आत रॉथबरीचा जखमी, दृष्टी गेलेला ड्यूक राहत असतो, आणि किल्ला आपण विकलेलाच नाही असे तो म्हणतो. त्याच्याकडे न वाचलेल्या पत्रांचा ढीग साचलेला आहे. भांडणाचा निकाल त्या ढिगात आहे, आणि तो ढीग वाचून दाखवायला डोळे फक्त तिचे आहेत. म्हणून प्रतिवादीच वादीची पगारी चिटणीस होते. जुन्या साच्यात कागदपत्रांना इतके काम यापूर्वी क्वचितच मिळाले असेल.

मराठी वाचकाला हा प्रकार अलीकडे भेटला तो 'ब्रिजर्टन' मालिकेच्या दुसऱ्या पर्वातून (मार्च २०२२). ज्युलिया क्विनच्या मूळ कादंबरीतल्या (२०००) शेफील्ड बहिणी इंग्रज आहेत. मालिकेत त्या मुंबईहून आलेल्या शर्मा बहिणी झाल्या. धाकटी एडविना मराठी आणि हिंदुस्थानी बोलते असे सांगितले जाते. तिने इंग्रज उमरावाशी लग्न केले तरच आजी-आजोबा पैसा देणार ही गुप्त अट कथेला पेच देते, आणि थोरली केट त्या उमरावाशी भांडता भांडता स्वतःच त्याच्या प्रेमात पडते. इंग्रज वाड्यांत हिंदुस्थानचा पैसा खेळत होता हे ऑस्टिनलाही ठाऊक होते. तिच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'तला कर्नल ब्रँडन पूर्वेकडे नोकरी करून आलेला आहे. याच रीजन्सीच्या अखेरीस, १८१७–१८ साली, पेशवाई बुडाली. दख्खनच्या लुटीत हिस्सा कोणाचा, सेनापती हिस्लॉपच्या फौजेचा की गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्याही फौजेचा, यावरून विजेत्यांत पुढे अनेक वर्षे वाद चालला. लुटीच्या रकमेवर विश्वस्त नेमले गेले, त्यांतला एक होता असईची लढाई जिंकलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्या वाटणीत कोणाचे लग्न जुळले नाही.