अंधेरीचं मैदान आणि नऊ नंबरचा गडी

स्मरणिका समितीनं 'आपला परिसर, आपला इतिहास' असा विषय दिला, तोवर गिल्बर्ट हिल, अंबोली आणि वर्सोव्याचा कोळीवाडा हे तिन्ही विषय इतरांनी आधीच घेऊन टाकले होते. मग मी वीरा देसाई रोडवरचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल घेतलं. म्हणजे आपल्या बोलण्यातलं 'कॉम्प्लेक्स'. तिथला तरणतलाव, सकाळी फेऱ्या मारणारी मंडळी हे सगळं सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर पानं भरण्यात अर्थ नाही. मला लिहायचं आहे ते या मैदानावर अगदी अलीकडे येऊन पोचलेल्या एका खेळाबद्दल आणि त्याला इथवर आणणाऱ्यांपैकी एका खेळाडूबद्दल. खेळ आहे रग्बी आणि खेळाडू राहुल बोस. हो, तेच, सिनेमातले!

आपलं मैदान

महानगरपालिकेचं हे संकुल 1988 साली सुरू झालं. जुन्या अंधेरीकरांना त्याची सगळ्यात मोठी आठवण खेळाची नाही, गाण्याची आहे. 1 नोव्हेंबर 1996 ला मायकेल जॅक्सन इथं नाचून गेला. पुढे 2014 साली मेट्रो आली आणि आझादनगर स्टेशनावर उतरून मैदानात पायी जाता येऊ लागलं. 2016 पासून मुंबई सिटी एफसीचे फुटबॉल सामने इथं होऊ लागले आणि मैदानाला 'मुंबई फुटबॉल अरीना' असं नवं नाव चिकटलं. 2022 च्या सुरुवातीला महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेचे सामनेही इथं झाले.

आणि मग जून 2025. तारीख 15 ते 29. देशातली पहिली रग्बी प्रीमियर लीग याच मैदानावर झाली. मुंबई, दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद आणि कलिंग असे सहा संघ होते. आपल्या मुलांबरोबर ऑलिंपिक खेळलेले परदेशी खेळाडू एकाच संघात खेळले. ऐन पावसाच्या दिवसांत, दिव्यांच्या उजेडात सामने झाले. अंतिम सामन्यात चेन्नईनं दिल्लीला 41–0 असं धुतलं. आपल्या मुंबईच्या संघाचं काय झालं हे विचारू नका, लेख रौप्यमहोत्सवी आहे!

आपल्यापैकी किती जण गेले होते? फार नाही. 'तो अंड्यासारख्या चेंडूचा खेळ ना? नुसती मारामारी असते', असंच बहुतेकांचं मत. म्हणून आधी खेळाबद्दल थोडं सांगतो.

नऊ नंबर म्हणजे काय

रग्बी मुळात पंधरा जणांचा खेळ. त्यात आठ जण धिप्पाड, पुढे राहून रेटारेटी करणारे. सात जण मागे, पळणारे. खेळ थांबला की दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा लावून वाकतात, एकमेकांत डोकी अडकवतात आणि रेटतात. ह्याला म्हणतात स्क्रम. सकाळी 8.40 ला अंधेरी स्टेशनवर चर्चगेट फास्टच्या दारात जे होतं ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल.

या गर्दीत चेंडू आत सरकवायचा आणि आपल्या गड्यांनी तो पायानं मागे ढकलला की उचलून पळणाऱ्यांकडे फेकायचा, हे काम ज्याचं तो स्क्रम-हाफ. पाठीवर नंबर नऊ. बहुतेकदा संघातला सगळ्यात लहान चणीचा गडी हाच. पण चेंडूला सर्वांत जास्त वेळा हात लागतो तो त्याचाच. समोरचे शंभर-शंभर किलोचे लोक अंगावर येत असताना अर्ध्या सेकंदात त्याला ठरवायचं असतं, कुणाला द्यायचा.

आणि या खेळातला एक नियम मला फार आवडतो. रग्बीत चेंडू हातानं पुढे फेकता येत नाही. फक्त मागे किंवा बाजूला. पुढे जायचं असेल तर स्वतः पळा. नाहीतर तुमच्या मागून जो येतो आहे त्याच्या हाती चेंडू द्या. आपल्याकडे खो-खोत पाटीवर बसलेल्याला मागून खो द्यावा लागतो. इथं उलट, चेंडू मागच्याला द्यायचा. पण तत्त्व एकच: एकट्यानं धावून डाव होत नाही.

रग्बीच्या देशांत या नऊ नंबरवाल्यांवर लोकांचं विलक्षण प्रेम असतं. वेल्सच्या गॅरेथ एडवर्ड्सचं उदाहरण घ्या. 1967 ते 1978 या काळात तो देशासाठी सलग 53 सामने खेळला. 1973 साली कार्डिफला बार्बेरियन्स संघाकडून न्यूझीलंडविरुद्ध त्यानं केलेला 'ट्राय', म्हणजे चेंडू रेषेपार टेकवून मिळवलेले गुण, अजून दाखवला जातो. कार्डिफच्या बाजारपेठेत त्याचा पुतळा आहे. दक्षिण आफ्रिकेचा यूस्ट व्हॅन डर वेस्टहायझन हा 1995 चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला स्क्रम-हाफ. निवृत्तीनंतर त्याला मज्जासंस्थेचा असाध्य आजार झाला, तेव्हा त्यानं तशाच रुग्णांसाठी संस्था काढली. 2017 साली, वयाच्या 45 व्या वर्षी तो गेला. त्या संस्थेच्या नावातही त्यानं नऊचा आकडा ठेवला होता.

चांदीचे रुपये

हा खेळ भारतात नवा नाही, हे वाचून मलाच नवल वाटलं. 1872 च्या नाताळात कलकत्त्याला पहिला सामना झाला. लगेच क्लब निघाला, सभासद झाले, बारही सुरू झाला. पुढे मोफत बार बंद झाला आणि सभासद गळाले. (कुठल्याही सोसायटीच्या सचिवाला हे पटेल.) शेवटी क्लब बंद करायची वेळ आली. तेव्हा उरलेल्या मंडळींनी शहाणपणा केला. बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली. ते 270 रुपये वितळवून एक चषक घडवला, नागांच्या आकाराच्या मुठींचा, वर हत्ती असलेला, आणि तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या 'कलकत्ता कप'साठी खेळतात. क्लब संपून दीडशे वर्षं होत आली, पण त्याची शिल्लक अजून मैदानात आहे. रौप्यमहोत्सवाच्या वर्षी ही गोष्ट आठवावी अशीच आहे.

जिमखान्याच्या भिंतीपलीकडे

मुंबईत रग्बी म्हणजे बॉम्बे जिमखाना. 1875 ची संस्था. भारतातली पहिली क्रिकेट कसोटी 1933 साली इथंच झाली, लाला अमरनाथ यांचं शतक झालं ती. पावसाळ्यात क्रिकेट बंद पडलं की त्याच मैदानावर चिखलात रग्बी चाले. खेळणारे थोडे, बघणारे त्याहून थोडे. खेळ साहेबाचा, क्लब साहेबाचा. अंधेरी-बोरिवलीच्या पोराला त्याचा पत्ताही नव्हता. आपण कबड्डी खेळत होतो. पकड करताना कमरेला मिठी मारणं, घोटा धरणं हे रग्बीच्या टॅकलपेक्षा फार वेगळं नाही, पण ते आपल्याला सांगायचं कुणी?

याच जिमखान्याच्या मैदानावर राहुल बोस घडले. लहानपणी आईनं त्यांना या खेळाची गोडी लावली. सिडनहॅम कॉलेज, मग जाहिरातीच्या कंपनीत कॉपीरायटरची नोकरी, मग 1994 साली 'इंग्लिश, ऑगस्ट' हा सिनेमा. पुढे 'मिस्टर अँड मिसेस अय्यर', 'झंकार बीट्स' वगैरे आपण पाहिलेच आहेत. पण 1998 साली भारताचा रग्बी संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, आशियाई अजिंक्यपदाला उतरला, तेव्हा त्या संघात ते होते. वय 30 च्या पुढे. स्क्रम-हाफ म्हणून खेळले, उजव्या विंगवरही खेळले. 2009 साली, चाळिशीच्या उंबरठ्यापलीकडे पोचल्यावर, यंदा परत येणार नाही असं त्यांनी जाहीर केलं.

जरा विचार करा. या माणसाचं पोट चेहऱ्यावर. नट म्हणजे नाक-डोळे सांभाळून राहायला हवा. आणि हा दहा वर्षं अशा ठिकाणी वाकतो आहे जिथं नाक मोडणं ही बातमीसुद्धा होत नाही. पैसा नाही, प्रेक्षक नाहीत, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या तर आल्या. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ वर्षानुवर्षं जिमखान्यावर रग्बी बघायला जात. राहुल बोस हे नाव निघालं की ते सिनेमाचा विषयच काढत नसत. एवढ्याशा अंगानं हा कसा खाली पडायचा, उठायचा आणि पुन्हा चेंडूपाशी पहिला पोचायचा, एवढंच सांगत. मुंबईतल्या मूठभर रग्बीवेड्यांना त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो असा आहे. जिंकलेल्या चषकांवर तो उभा नाही, कारण भारतीय रग्बीकडे तेव्हा चषक नव्हतेच.

जिमखान्याची आणखी एक गोष्ट. फॅशन स्ट्रीट त्याच्या भिंतीलगत. तिथली रस्त्यावर राहणारी मुलं हा खेळ बघत उभी राहायची. जिमखान्यात खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसी नावाच्या इंग्रज गृहस्थानं त्यांना आत बोलावलं, खेळायला शिकवलं. त्यातून 1999 साली 'मॅजिक बस' ही संस्था निघाली आणि पुढे देशभर पसरली. म्हणजे भिंतीपलीकडे चेंडू द्यायची सुरुवात एकट्या बोस यांनी केली नाही. या खेळाची ती रीतच दिसते.

मागून येणाऱ्यांच्या हाती

निवृत्त खेळाडूचा वारसा कशात मोजायचा? आपण धावा आणि विकेट मोजायला शिकलो आहोत. इथं दुसराच हिशेब लावावा लागतो.

2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये सात जणांचं रग्बी आलं. फिजीसारख्या चिमुकल्या देशानं आपलं आयुष्यातलं पहिलं ऑलिंपिक पदक त्यात मिळवलं, तेही सुवर्ण. सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव, एक चेंडू आणि मोकळं मैदान, एवढ्यावर भागणारा खेळ. आपल्याकडे तो क्लबातून निघून ओडिशा, बिहार, बंगाल, महाराष्ट्राच्या मैदानांवर गेला. आणि त्यात मुलींनी मुलांना मागे टाकलं! भारतीय महिलांचा पंधरा जणींचा संघ 2018 मध्ये प्रथम उतरला आणि जून 2019 मध्ये मनिला इथं सिंगापूरला 21–19 असं हरवून पहिला विजय मिळवला. ओडिशाच्या सुमित्रा नायकनं पेनल्टी किक मारून तो सामना काढला. आपल्या पुण्याच्या वाहबीझ भरुचानं भारताचं कर्णधारपद भूषवलं. बिहारच्या स्वीटी कुमारीची त्याच वर्षी उदयोन्मुख आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणून निवड झाली. यातलं कुणीही जिमखान्याच्या सभासदाच्या घरातून आलेलं नाही.

बोस नंतर भारतीय रग्बी संघटनेचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत अंधेरीची ती लीग झाली. एका सिनेनटाला सोपं होतं, निवृत्तीनंतर रिबिनी कापत फिरणं. त्यांनी कार्यालय, निधी, प्रायोजक, प्रशिक्षक असल्या कंटाळवाण्या कामांचा ढीग अंगावर घेतला. म्हणजे पुन्हा स्क्रममध्ये हात घातला आणि चेंडू काढून मागच्यांना दिला. 1998 मध्ये त्यांना जे मिळालं नाही, म्हणजे दिव्यांचा उजेड, पगार, टीव्हीवर सामना, ते 2025 मध्ये गावाकडून आलेल्या पोरांना आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळालं.

लीग टिकेल का, अंधेरीला परत येईल का, हे आज सांगता येणार नाही. पण एक गोष्ट मी पाहिली आहे. लीग संपल्यानंतर पार्किंगच्या कोपऱ्यात आपल्या बी विंगमधल्या तीन-चार मुली चेंडू छातीशी धरून धावत होत्या, आणि पाठीमागे बघून पास देत होत्या. चेंडू साधा फुटबॉल होता. वॉचमननं त्यांना हटकलं, कारण भिंतीवर पाटी आहे, 'कंपाउंडमध्ये चेंडू खेळण्यास सक्त मनाई'. वॉचमनची चूक नाही, पाटी आपण सर्वसाधारण सभेत ठराव करून लावली आहे. गाड्यांच्या काचा फुटतात, ज्येष्ठांना धक्का लागतो, ही कारणंही खरी आहेत.

तरी या वर्षी एवढं करता येईल का? रविवारी सकाळी दोन तास मागची बाजू गाड्यांपासून मोकळी ठेवावी आणि मुलांना खेळू द्यावं. ज्यांना पुढे शिकायचं आहे, त्यांना आपणच नेऊन संकुलात चौकशी करावी. पालिकेचं मैदान आपल्याच करातून उभं राहिलं आहे. पंचवीस वर्षं आपण पाण्याची लाईन, लिफ्ट, गळती आणि सिंकिंग फंड यांच्या स्क्रममध्ये वाकून राहिलो. ते काम करणाऱ्या प्रत्येक समितीचे आभार मानायलाच हवेत. आता समितीतही चाळिशीच्या आतले दोन-तीन चेहरे येऊ द्यावेत. ते आपल्या मागून धावत येत आहेतच, चेंडू त्यांच्या हाती द्यायला हवा.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.