सावेदादांच्या फितीपासून घरच्या डीव्हीडीपर्यंत

छत्तीसगडातील मराठी वास्तव्याचा इतिहास आपणांस पुष्कळसा ठाऊक आहे, याचे कारण तो कागदावर उतरला. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास कारभार पाहू लागले. १८१८ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी राजधानी रायपुरास आणली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी वामनराव लाखे व रामराव चिंचोलकर यांच्या सहकार्याने पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. ते जेमतेम तीन वर्षे चालले. पण त्याचे अंक उरले, म्हणून सव्वाशे वर्षांनंतरही अभ्यासकांस ते वाचता येते. ज्या साधनावर इतिहास लिहिला जातो, त्या साधनाच्या आयुष्यावर इतिहासाचेही आयुष्य अवलंबून असते.

आपल्या मंडळाची पन्नास वर्षे मात्र केवळ कागदावर नाहीत. इतिवृत्ते आणि जमाखर्चाच्या वह्या आहेतच. परंतु गणेशोत्सवातील नाटके, हळदीकुंकू, बालगोपाळांची भाषणे आणि कोजागिरीची गाणी ही प्रामुख्याने कॅसेटींत आणि डीव्हीडींत साठलेली आहेत. म्हणून ह्या साधनांचा इतिहास थोडा पाहणे सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अप्रस्तुत ठरू नये.

हलते चित्र टिपण्याच्या कामी मराठी माणूस अगदी आरंभापासून पुढे होता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चित्रांचे खेळ झाले. त्यांपासून स्फूर्ती घेऊन हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती टिपली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्या स्वागताचेही त्यांनी चित्रण केले. आपण मंडळात करतो तेच हे काम होते : समाजाच्या आनंदाचा क्षण धरून ठेवणे. दुर्दैवाने आज त्या फिती पाहावयास मिळत नाहीत.

दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांचे भाग्य थोडे अधिक बलवत्तर. ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची सर्व रिळे आज उपलब्ध नाहीत, जी आहेत तीही पुढे पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली होती, आणि तो चित्रपट बराचसा शिल्लक आहे. पुण्यास १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या ध्यासी माणसाने जुनी रिळे शोधून गोळा केली, म्हणून हे घडले. तरीही २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटच्या कितीतरी जुन्या फिती जळाल्या. शासकीय संग्रहाची ही कथा, तर घरातल्या कपाटाची काय सांगावी!

ज्या सुमारास आपले मंडळ आकार घेत होते, त्याच सुमारास रायपूरच्या परिसरात दूरचित्रवाणीने पहिले पाऊल टाकले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या वर्षात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग झाला; त्यात तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर भागही होता. १९७६ मध्येच जपानमध्ये व्हीएचएस कॅसेट बाजारात आली. पुढे ती लग्नाकार्यात शिरली, आणि उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांच्याही कपाटांत काळ्या कॅसेटींची रांग लागली. १९९५ च्या सुमारास लहान डिजिटल कॅसेट आली, १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडी आली, २००३ मध्ये एचडीव्ही आणि २००६ मध्ये एव्हीसीएचडी ही अधिक सुस्पष्ट चित्रणाची पद्धत आली. हँडीकॅम घरोघरी झाला.

येथेच एक घोटाळा झाला, तो नीट समजून घेण्याजोगा आहे. नव्या कॅमेऱ्याचे चित्र आडवे १९२० व उभे १०८० ठिपक्यांचे, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपक्यांचे. आपल्याकडील डीव्हीडीचे चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपक्यांचे. बरोबर एक पंचमांश! म्हणजे नव्या कॅमेऱ्याचे चित्रण दिवाणखान्यातील साध्या प्लेअरवर चालावे म्हणून डीव्हीडीत उतरविले, की पाचांपैकी चार ठिपके गळतात. जागेचा हिशेबही तसाच. सेकंदाला १७ मेगाबिट ह्या दराने केलेले दोन तासांचे नाटक सुमारे १५ गिगाबाइट भरते. साध्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइटच मावतात. मागण्या घालून मोठे पातळ लहान कपाटात बसवावे, तसे हे काम. फरक एवढाच, की हे पातळ पुन्हा उलगडत नाही.

शिवाय नुसत्या फाइली डीव्हीडीवर उतरविल्या, तर त्या संगणकावर दिसतात, साध्या प्लेअरवर बहुधा दिसत नाहीत. त्यासाठी चित्रणाचे एमपेग-२ पद्धतीत रूपांतर करावे लागते, ठराविक नावाच्या फोल्डरमध्ये त्याची मांडणी करावी लागते, आणि शेवटी डीव्हीडी ‘फायनलाइझ’ करावी लागते. उलटपक्षी, त्याच डीव्हीडीवर एव्हीसीएचडी पद्धतीने सुस्पष्ट चित्रण उतरविता येते. पण ते सहसा ब्लू-रे प्लेअरवरच चालते. दोन्ही डीव्हीडी दिसावयास जुळ्या बहिणी, आणि पुष्कळांच्या मनस्तापाचे मूळ हेच.

त्यापुढची गोष्ट अधिक गंभीर. घरी ‘बर्न’ केलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेझरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटतात. ऊन, उष्णता आणि ओरखडे हे त्या थराचे शत्रू. रायपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांस अधिक सांगणे नको. दुसरीकडे यंत्रेही निवृत्त होतात : जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले, आणि नव्या लॅपटॉपना डीव्हीडीची खाच बहुधा नसतेच.

डीव्हीडी तयार झाली की मूळ कॅसेटवर पुन्हा चित्रण करावयाचे अथवा कार्ड पुसून टाकावयाचे, ही रीत आपल्या समाजात सर्रास पडली. प्रतीलाच मूळ मानले गेले. मोडी दप्तराची नक्कल करून मूळ कागद चुलीत घालावा, त्यातलाच हा प्रकार. डीव्हीडी वाईट नव्हे. ज्येष्ठांस ती हातात धरता येते, नातेवाइकांस भेट देता येते. परंतु ती प्रत आहे, मूळ नव्हे.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे काही सूचना ठेवाव्याशा वाटतात. सभासदांच्या घरी असलेल्या कॅसेटी, कार्डे व डीव्हीडी एकत्र कराव्यात. ज्यांचे मूळ चित्रण शिल्लक आहे, त्यांचे कॅमेऱ्यातील संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे दोन हार्ड डिस्कवर उतरवावे आणि त्या दोन निराळ्या घरी ठेवाव्यात. ज्यांची डीव्हीडीच उरली आहे, तिचीही नक्कल आताच घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक चित्रणाची यादी कागदावर लिहावी : वर्ष, प्रसंग, आणि चित्रात कोण कोण दिसते. यंत्र चित्र जपते, नाव जपत नाही. ती नावे सांगणारी ज्येष्ठ मंडळी आज आपल्यात आहेत. हे काम पुढील वर्षावर ढकलण्याजोगे नाही.

सावेदादांची कुस्ती आपण पाहू शकत नाही, हे आपल्या हाती नव्हते. आपल्या रंगमंचावर ज्यांनी पहिली घंटा दिली, त्यांचा आवाज शताब्दीच्या वर्षी आपल्या नातवंडांस ऐकू यावा की नाही, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.